धाकटी जागेवर असू दे

पाळणाघरातल्या मुलांना तोंडात फोड यायची साथ आली आणि पाळणाघर आठवडाभर बंद झालं. एवढ्या साध्या कारणाने गोगलीला त्या सकाळी आईबरोबर रानात जावं लागलं.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. कोण कधी कुठल्या मजल्यांमध्ये अडकेल याचा नेम नसल्यामुळे त्याच्या भरवशावर पोर ठेवणं शक्य नव्हतं. गोगली हे नाव त्यानेच ठेवलेलं. रांगायला लागल्यापासून ती सगळीकडे सावकाश, भिंतीला चिकटून, मागे लाळेची ओली रेघ सोडत जायची. म्हणून गोगलगाय, आणि गोगलगायीची गोगली. आता चौथं वर्ष लागलं होतं तरी वेग तोच. डोक्याच्या मागच्या बाजूला तिला दोन भोवरे होते, शेजारी शेजारी. एक उजवीकडे फिरणारा, दुसरा डावीकडे. कितीही विंचरलं तरी त्यांच्या मधोमध एक शेंडी ताठ उभी राहायची.

"दोन इंजिनं आहेत पोरीला," बाप म्हणायचा. "दोन्ही उलट दिशांना ओढतात. म्हणून गाडी जागची हलत नाही."

गोगलीची आई वनस्पतिसंग्रहात कामाला होती. आसपासच्या रानांत उगवणाऱ्या अळंब्यांची ओळख पटवायची आणि सूची करायची, हे तिचं काम. सांगायला मोठं मजेचं. प्रत्यक्षात ते असं की अळंबी बुडापासून अलगद उकरायची, हुंगायची, चिरायची, मग तिची टोपी काळ्या कागदावर ठेवून वर काचेचा पेला झाकायचा. सकाळपर्यंत टोपीखालच्या पात्यांमधून बीजाणू गळतात आणि कागदावर पिठासारख्या भुकटीचा ठसा पडतो, मधून बाहेर फाकलेल्या रेघांचा. मग अळंबी वाळवणीच्या पेटीत, तिथून पाकिटात, पाकीट कपाटात. दोन अळंब्या जुळ्या बहिणींसारख्या असतात आणि त्यांतली एक माणसाला मारते, म्हणून त्या तळघरातल्या खोलीत 'दिसते' या शब्दावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

आईचा तर कुठल्याच शब्दावर नव्हता. ती प्रत्येक नोंदीत 'बहुधा' घालायची. टोपीचा रंग बहुधा राखाडी. दांडा बहुधा पोकळ.

"तुझ्या नोंदींत अळंब्यांपेक्षा 'बहुधा'च जास्त उगवतात," संग्रहाच्या प्रमुख म्हणायच्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. आयुष्य त्या तळघरात गेलेलं, लग्न-संसाराच्या फंदात पडलेल्या होत्या की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. बोलणं तिखट, हात मात्र असे हलके की त्यांनी उचललेल्या अळंबीवर बोटाचा डागसुद्धा पडत नसे.

घरी तर काळजीचं दुकान चोवीस तास उघडं. गोगली खोकली तर काळजी. दोन दिवस खोकली नाही तर ती का खोकत नाही, याची काळजी. नवरा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा, आणि हाक मारताना नुसतं 'सरकार'. ती स्वतःही हसायची. पण रात्री उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची ती बघायचीच. आपण आई म्हणून जरा कच्च्याच आहोत, असं तिला मनातून वाटायचं. बाकीच्या बायकांना जणू कुणीतरी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी नेमकी ही गैरहजर होती.

बाईंचा एकच नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. झुपका असो, रिंगण असो, त्यातली सगळ्यात लहान अळंबी उचलायची नाही.

"धाकटी जागेवर असू दे," बाई म्हणाल्या होत्या.

"पण बाई, सूचीत सगळ्या अवस्था हव्यात ना? कोवळी, जून..."

"मोठ्या घे. हव्या तेवढ्या घे. धाकटी बघायची आणि पुढे जायचं."

संग्रहातल्या जुन्या नोंदींमध्ये तेच होतं. पानोपानी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: बाल्यावस्था पाहिली, उचलली नाही. आईला ते म्हाताऱ्या माणसांच्या लहरींपैकी एक वाटलं. कुणाला उशी विशिष्ट बाजूलाच लागते, तसं काहीतरी.

त्या आठवड्यात बाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होत्या.

*

रान शहराच्या अगदी कडेला, शेवटच्या बसथांब्यापासून चालत जाण्याजोगं. त्या सकाळी धुकं होतं. झाडांचे बुंधे दिसत होते, शेंडे नव्हते. जणू कुणीतरी चित्र अर्ध्यावर पुसून ठेवलं होतं. पानांवरून थेंब गळायचे आणि त्यांचा आवाज जवळच्या जवळ विरून जायचा. पायाखालचा पाचोळा इतका भिजलेला की त्यावर चालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चालल्यासारखं मऊ, आणि थोडं चोरट्यासारखं.

मोठ्या झाडांच्या मधोमध गवताचा एक मोकळा तुकडा होता, आणि त्यात अळंब्यांचं रिंगण.

आईने रिंगणं खूप पाहिली होती. त्यात गूढ काही नसतं हे ती शाळेच्या सहलींना स्वतः समजावून सांगायची. जमिनीखाली बुरशीचं एकच जाळं असतं, वर उगवतात ती नुसती त्याची टोकं. जाळं मधून बाहेर पसरतं म्हणून गोल दिसतं. वर कितीही डोकी दिसोत, खाली जीव एकच. पण हे रिंगण बघून ती जरा थांबली. अळंब्या फिक्या होत्या, दुधात किंचित चहा पडावा तशा, आणि टोप्यांवर बारीक मऊ लव. ओळखीच्या कुठल्याच जातीशी त्या जुळेनात. तिने वाकून वास घेतला. गोड, उबदार, दुधाळ वास. फार ओळखीचा; पण कशाचा, ते जिभेच्या टोकावर येऊन परत जात होतं.

'वास: ओळखीचा. बहुधा,' तिने लिहिलं, आणि स्वतःवरच चिडली.

नवीन जात असेल तर? सूचीच्या कामाची मुदत संपत आली होती. मुदत वाढवणाऱ्या लोकांसमोर एक नवी जात ठेवली, सगळ्या अवस्थांसह, पक्की, एकही 'बहुधा' न घालता... तिचे हात भराभर चालायला लागले.

गोगली तोवर रिंगणाच्या मधोमध जाऊन बसली होती. काहीतरी गुणगुणत होती.

"तिथे ओलं आहे गं, ढुंगण भिजेल."

"भिजू दे."

मोठ्या अळंब्या टोपलीत गेल्या. आणि मग आईला ती दिसली. रिंगणाच्या एका बाजूला, दोन उंच अळंब्यांच्या मधे, गवताच्या आड. करंगळीच्या पेराएवढी, टोपी अजून मिटलेली, पांढुरकी. कुशीत झोपल्यासारखी.

आईला बाई आठवल्या. नाही असं नाही. पण बाई डोळ्यांवर पट्टी बांधून घरी होत्या, आणि सूचीला सगळ्या अवस्था लागतात हे काही तिने ठरवलेलं नव्हतं. तिने सुरीचं टोक लांबून मातीत घातलं आणि धाकटी बुडासकट वर काढली. निघताना हाताला एक बारीकसा हिसका बसला, मूल दूध सोडताना बसतो तसा. जमिनीत छोटासा खळगा उरला.

"बाळ घेतलंस?" गोगलीने विचारलं. गुणगुणणं थांबलं होतं.

"हो. बाळ घेतलं."

"मग आता?"

"आता त्याला घरी न्यायचं," आई म्हणाली आणि धाकटीला मेणकागदात गुंडाळायला खाली बघितलं.

तेवढ्यात धुक्याचा एक लोट मधून गेला. दाट, पांढरा, सावकाश. आईने मान वर केली तेव्हा रिंगणात कुणी नव्हतं.

"गोगली?"

थेंबांचा आवाजसुद्धा थांबला होता. त्या शांततेत आईला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. "गोगली... ए गोगली..." ती पुढे धावणार एवढ्यात लोट विरळ झाला, आणि गोगली तिथेच होती. मघाच्याच जागी. फक्त पाठ करून बसलेली.

"कुठे गेली होतीस?"

"इथेच."

हात धरला तर गारठलेला आणि ओला. आईने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, आणि निघाली. रिंगणाबाहेर येऊन पोरीला खाली उतरवलं, आणि मग बसथांब्यापर्यंत गोगली पुढे, आई मागे. एरवी हे अंतर कापायला अर्धी सकाळ गेली असती.

"अरे वा," संध्याकाळी घरात इकडून तिकडे पळणारी पोर बघून बाप म्हणाला. "गोगलगायीचा ससा झाला की! सरकार, रानात काय खायला घातलंत हिला?"

"काही नाही खाल्लं तिने! मी सारखी बघत होते," आई म्हणाली, आणि त्या 'सारखी'पाशी तिची जीभ किंचित अडखळली.

*

मोठ्या अळंब्यांचे ठसे दुसऱ्या दिवशी सुरेख उमटले, पांढरेशुभ्र. कोवळ्या अळंबीचा ठसा पडत नाही, म्हणून धाकटी सरळ वाळवणीच्या पेटीत गेली. पेटी म्हणजे जाळीचे कप्पे, खाली मंद उष्णता आणि एक घुमणारा पंखा. धाकटी काही लवकर वाळेना. बाकीच्या कुरकुरीत होऊन पाकिटात गेल्या तरी ती आपली वरच्या जाळीवर, दर वेळी थोडी अजून आकसलेली.

आणि गोगलीला तहान लागायला लागली.

आधी रात्री एकदा. मग दोनदा. मग ती पेला हातातून सोडेना. पेला रिकामा करायची, धापा टाकायची, पुन्हा पुढे करायची. ओठांना भेगा पडल्या. आई लोणी लावायची, ते शोषल्यासारखं नाहीसं व्हायचं. तिसऱ्या दिवशी ससा पुन्हा बसून राहायला लागला.

आईने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, रक्त तपासायला पाठवलं. सगळं ठीक निघालं.

"म्हणजे मूल पाणी पितंय, ही तक्रार आहे तुमची?" डॉक्टर म्हणाले.

"तिचं वजन... कडेवर घेतलं की वजन लागत नाही."

"काट्यावर तर बरोबर आहे." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः नीट झोपता का?"

हा प्रश्न तिला आजवर इतक्यांनी विचारला होता की त्याचं उत्तर ती झोपेतही देऊ शकली असती, झोपली असती तर.

"काटा चुकेल का गं?" नवऱ्याने समजूत घातली. "तुझे हात चुकत असतील. काळजीने हातसुद्धा दमतात."

असेलही. बहुधा. आपण नेहमीच चुकतो, याही वेळी चुकत असू. त्या विचाराचाच तिला आधार वाटला. पण दुपारी गोगली झोपली की आई पलंगाच्या कडेला बसून ऐकायची. खिडकीबाहेर धुकं हलत नव्हतं. त्या दिवसांत ते दुपारीही उठत नसे. घरात सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. आणि गोगली कुशीवर वळली की एक अगदी बारीक आवाज यायचा. वाळलेलं पान मुठीत धरल्याचा.

*

बाई परतल्या त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. आई पोरीला त्याच्यावर सोपवून, पाण्याचे चार तांबे भरून ठेवून कामावर आली होती. बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत तळघराचा जिना उतरल्या आणि खोलीच्या दारातच थबकल्या. पेटीचा पंखा घुमत होता. उबदार, गोड, दुधाळ वास खोलीभर साठला होता.

"पेटीत काय आहे?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"नवी जात असावी बाई. म्हणजे बहुधा. रिंगणातली आहे. कशाशीच जुळत नाही. हा वास..."

"काय लिहिलास वास?"

"ओळखीचा, असं लिहिलंय... कशाचा ते येत नाही लक्षात."

"येत नाही?" बाई म्हणाल्या. "एवढी पोर वाढवलीस, आणि येत नाही? टाळूचा वास आहे हा. तान्ह्या मुलाच्या टाळूचा."

आई जागच्या जागी उभी राहिली. हो. तोच होता. तेल न लावलेल्या, झोपलेल्या, दूध प्यायलेल्या टाळूचा.

बाईंनी चाचपडत पेटीचं दार उघडलं. जाळीवरून बोटं फिरवली. पहिली जाळी, दुसरी, सगळ्यात वरची. तिथे बोटं थांबली. फार वेळ थांबली. पंखा घुमतच होता.

"पोर कशी आहे तुझी?"

"बाई..."

"पाणी मागते?"

आईने नुसती मान हलवली. मग बाईंना ती दिसणार नाही हे लक्षात येऊन कसंबसं "हो" म्हणाली.

बाईंनी पेटी बंद केली. पंखा थांबला तेव्हा खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. त्यांनी धाकटीला तळहातावर घेतलं. आता ती लवंगेएवढी उरली होती. मग ती आपल्या रुमालात बांधून त्यांनी आईच्या हातात दिली.

"घरी जा. कोमट पाण्यात सोड हिला. ही मरत नाही वाळून, भिजली की उमलते. उमलली की होती तिथे नेऊन लाव. उजेड आहे तोवर. पोरीला बरोबर ने."

"मग... मग गोगली बरी होईल?"

बाईंनी काळा चष्मा काढला, लाल, पाणावलेल्या डोळ्यांनी तिच्या दिशेने पाहिलं, आणि पुन्हा घातला.

"जी पाणी मागतेय ती बरी होईल," त्या म्हणाल्या. "नीघ आता."

*

काचेच्या वाडग्यात धाकटी आधी नुसती तरंगत राहिली. शेजारच्या खोलीत गोगली निजली होती, तोंड किंचित उघडं. आई मधल्या दारात बसली; एका डोळ्याने वाडगा, एका डोळ्याने पलंग. मग दांड्याला थोडा उजाळा आला. सुरकुत्या एकेक करून सुटल्या. मिटलेली टोपी भरली, तिच्यावरची लव पाण्यात हलायला लागली. आणि पलंगावर गोगलीच्या कपाळावर घामाचे थेंब फुटले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. ओठांच्या भेगा आईच्या डोळ्यांदेखत मिटल्या.

आई उठली आणि पोरीला घेऊन रानात जायचंय म्हणाली.

"आत्ता? रानात?" नवरा म्हणाला. "अगं, तिला आत्ता कुठे घाम आलाय—"

"हस मला हवं तर. पण नेऊ दे."

तो हसला नाही. तिच्या तोंडाकडे बघून त्याने मुकाट्याने गोगलीचा कोट आणून दिला. "मीही येतो" म्हणाला, तोच सुट्टी असूनही कामाचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत कुणीतरी अडकलं होतं.

रानात धुकं जमिनीपर्यंत उतरलं होतं. उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. सगळीकडून सारखाच, मोत्यासारखा. आईने गोगलीला कडेवर घेतलं होतं आणि आता तिचं वजन लागत होतं, खांदा दुखण्याइतकं, आणि ते दुखणं तिला फार गोड वाटत होतं. दुसऱ्या हातात वाडगा.

रिंगण होतं तिथेच होतं. उरलेल्या अळंब्या काळवंडून माना टाकून उभ्या होत्या. आईने तो खळगा शोधला, वाडगा खाली ठेवून गवत बाजूला केलं, आणि तिचा हात तसाच राहिला.

खळगा रिकामा नव्हता.

त्यात एक नवी अळंबी होती. अगदी इवली. धाकटीहूनही धाकटी. मातीत अर्धी रुतलेली, गोल, आणि वरची लव दाट, काळसर. ती लव दोन ठिकाणी फिरली होती. शेजारी शेजारी. एका ठिकाणी उजवीकडे, दुसऱ्या ठिकाणी डावीकडे. मधे केसांची एक शेंडी ताठ उभी होती.

किती वेळ आई तशी वाकून होती कोण जाणे. सुरी खिशात होती. हात दोनदा तिकडे गेला. उकरून काढावी, उराशी धरावी, घरी न्यावी. पण उकरून काढलं की काय होतं, हे तर तिने वाळवणीच्या पेटीत पाहिलं होतं. न उकरावी, तर...? शिकून शिकून एवढं शिकलेली ती, आणि तिला हे एक येत नव्हतं. तिने नाक जवळ नेलं. टाळूचा वास.

"ती झोपलीय," तिच्या कडेवरून गोगली कुजबुजली. "उठवू नको."

"कोण... कोण झोपलीय?"

आईच्या मानेभोवतीचे गोगलीचे हात घट्ट झाले. उबदार, जिवंत, घामट हात.

धाकटी जागेवर असू दे. आईला दुसरं काहीच आठवेना. तिने वाडग्यातली अळंबी त्या इवलीच्या शेजारी लावली, बोटांनी भोवती माती चेपली, वाडग्यातलं उरलेलं पाणी दोघींवर सारखं ओतलं. मागे न बघता निघायचं असं तिने ठरवलं होतं, आणि झाडांपाशी पोचेपर्यंत तिने चार वेळा मागे पाहिलं. धुकं मिटत आलं होतं.

*

गोगली खडखडीत बरी झाली. पाळणाघर उघडलं, आणि ताईंनी मुद्दाम निरोप पाठवला की पोर आता काय छान जेवते, रडत नाही, कुणाला चिकटत नाही. बाकीच्या मुलांच्या आयांनी तिला विचारलं, तू केलंस तरी काय? सूचीत त्या जातीची नोंद झाली. नाव अजून ठरायचं होतं. 'बाल्यावस्था पाहिली, उचलली नाही,' आईने लिहिलं, आणि बाईंनी भिंग लावून ते वाचलं, तिच्याकडे न बघता पान उलटलं. नोंदीत कुठेही 'बहुधा' नव्हतं.

आई आता पूर्वीइतकी काळजी करत नाही, असं नवऱ्याला वाटायचं. ती रात्री उठून श्वास बघायची नाही हे खरं होतं. दुपारी पोरीच्या केसांत हात घालणंही तिने सोडलं होतं. शेंडी हल्ली उभी राहत नाही हे तिला विंचरताना जाणवायचं; मग ती भराभर विंचरायची, आणि वर टोपडं चढवायची.

एका सुट्टीच्या संध्याकाळी नवऱ्याने हौसेने पोरीला न्हाऊ घातलं. गडद निळ्या पंच्यात गुंडाळून आणलं, खिडकीपाशी आईच्या मांडीवर दिलं आणि पंचा झटकला.

"पावडर फार थापतेस हिला," तो म्हणाला. "बघ, केवढी सांडली. गोल ठसा पडलाय पंच्यावर."

आईने त्या दिवशी पावडर लावली नव्हती. घरात पावडरीचा डबाच नव्हता. पण ओले केस आपोआप दुभंगून डोक्याला चिकटले होते आणि तिला बघावंच लागलं.

भोवरा एकच होता. बरोब्बर मधोमध.

"अरे, एकच राहिला की," नवराही वाकून म्हणाला. "मोठं होताना बुजत असतील. चला, एक इंजिन बंद पडलं, म्हणून तर गाडी पळायला लागली!"

आईने नाक खाली नेलं. साबण. त्याखाली भिजलेला पाचोळा. ओळख पटवणं हे तिचं काम होतं. एक खूण जुळली नाही तर थांबायचं, दोन जुळल्या नाहीत तर नाव मागे घ्यायचं. ती हे नव्या मुलांना शिकवायची. मांडीवरचं मूल उबदार होतं. त्याने मान मागे टाकून तिच्याकडे बघत खुदकन हसून दाखवलं. आईने कंगवा उचलला आणि हळूहळू, एकेक बट सोडवत, विंचरायला सुरुवात केली.

"पाणी," गोगली म्हणाली.

आईने पेला दिला. तिने एका दमात संपवला आणि परत पुढे केला.

"अजून?"

"मला नको. गोगलीला दे."

खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं. तिने बोट दाखवलं ते तिकडे, शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे.

बाप मोठ्याने हसला. "गोगलीला दे? आणि मग तू कोण गं?"

तिने बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि थांबली. उत्तर आईने द्यायचं आहे, अशी.

आईने पेला भरला, अगदी काठोकाठ. तो खिडकीत ठेवून तिने खुंटीवरचा कोट काढला आणि चपला शोधायला लागली.